बँडचा खरा फॅन कोणाला म्हणायचं? जुनी सगळी गाणी माहीत असायलाच पाहिजेत का?

तुम्ही लिहिलंय की 'बंदे' हे गाणं ऐकून दिल्लीच्या इंडियन ओशन बँडकडं वळलात, आणि मित्र म्हणतो तू खरा फॅन नाहीस, ते तर पिक्चरमधलं गाणं, आधीचं तुला काय माहितंय. हेच वाक्य मला माझ्या मावसभावाने भर लग्नात ऐकवलंय म्हणून लिहायला बसले, नाहीतर असल्या प्रश्नांवर मी कधी लिहीत नाही.

तुमचा मित्र चुकतोय. आधी आला तो खरा आणि नंतर आला तो खोटा, हे रेशनच्या रांगेत ठीक आहे, गाण्यात नाही.

आम्ही लातूरचे. 2002 ला मी नववीत होते, दादा, म्हणजे हाच मावसभाऊ, औरंगाबादला इंजिनिअरिंगला. दिवाळीला येताना त्याने इंडियन ओशनच्या 'कंदिसा' अल्बमची कॅसेट आणली आणि आईच्या भक्तिगीतांच्या टेपवर लावली. कंदिसा म्हणजे केरळातल्या सिरियन ख्रिश्चन लोकांची प्रार्थना, अरामी भाषेतली, आम्हाला एक शब्द कळंना, तरी आजी भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणली, "कोणत्या देवाचं भजन हाय गं हे?" दादाने मला कॅसेटच्या कव्हरवरून एकेकाचं नाव पाठ करून घेतलं, सुश्मित सेन गिटार, राहुल राम बेस, अमित किलम ड्रम, आणि मांडी घालून तबला वाजवत वाजवत गाणारे असीम चक्रवर्ती. हे सगळं मला दादामुळं मिळालं, ते मी कधीच नाकारलं नाही.

25 डिसेंबर 2009 ला असीम गेले. दादाचा फोन आला आणि दोघंही काही बोललो नाही, पाच-सहा मिनिटं नुसता फोन कानाला. शेवटी तो म्हणला, "संपला बँड." तेव्हा मलाही तसंच वाटलं.

मग 2010 च्या जुलैपासून त्यांनी नवीन अल्बम काढला, तोही कुठल्या कंपनीतर्फे नाही, दर महिन्याला एक गाणं इंटरनेटवर फुकट. अल्बमचं नाव '16/330 खजूर रोड', म्हणजे दिल्लीत करोलबागेतल्या ज्या जुन्या घरात ते रियाज करायचे त्या घराचा पत्ता. मी गांधी चौकातल्या नेट कॅफेत जाऊन डाउनलोड करायचे, मधेच लाइट गेली की पहिल्यापासून, एकेका गाण्याला दोन-दोन चकरा. पहिलं गाणं लावलं आणि हेडफोनमध्ये असीमचा आवाज! रेकॉर्डिंग ते असतानाच झालेलं होतं. कॅफेत बसून रडले मी. सगळी गाणी आल्यावर पेनड्राइव्हमध्ये भरली आणि 2011 च्या मे महिन्यात उदगीरला मावशीच्या घरच्या लग्नात दादाच्या हातात दिली.

त्याने घेतला नाही. पंगतीत शेजारी बसलो होतो, वाढपी मठ्ठा घेऊन समोर उभा, आणि हा मोठ्यांदा म्हणतो, "असीमशिवाय कसला बँड? खऱ्या फॅनला कुठं थांबायचं ते कळतं. तुला काय, जे येईल ते ऐकत बसायलीस." मी म्हणलं दादा ह्याच्यात असीमच गातायत, एकदा ऐक तर खरं. नाही म्हणजे नाही. मामा, काका, सगळे हसले. मी ताटावरून उठले.

विचार करा, ज्या माणसाच्या नावाने हा रुसून बसला, त्याच माणसाची शेवटची गाणी ह्याने ऐकली नाहीत. आणि खरी फॅन मी नाही!

2012 ला मैत्रिणीसोबत रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला गेले, एका कॉलेजच्या फेस्टला ते येणार होते. असीम एकटे जे करायचे त्यासाठी आता दोघं होते, गायला हिमांशू जोशी, तबल्यावर तुहिन चक्रवर्ती. पहिली दोन गाणी मी नुसती तुलना करत होते, इथं असीमने असं घेतलं असतं, तिथं तसं. तिसऱ्या गाण्याला माझ्या लक्षात आलं की हिमांशू असीमसारखं गायचा प्रयत्नच करत नाहीये, त्याचा तो गातोय, आणि जुने तिघं त्याच्याकडं बघून हसत वाजवतायत. ज्यांचा वीस वर्षांचा सोबती गेला ते वाजवायलेत आणि मी कोण तोंड फिरवणारी? पुढच्याच वर्षी सुश्मितही बाहेर पडले, निखिल राव आले. 1990 ला असीम आणि सुश्मितनेच बँड सुरू केला होता, म्हणजे आता पहिल्या दोघांतलं कोणीच नाही. तरी मी ऐकते.

पाठ असण्याचं विचारलंत. 'माँ रेवा' मला नववीपासून पाठ होतं. नर्मदेचं लोकगीत, राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात काम करायचे तिथून आलेलं, एवढी माहितीही होती. पण 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणायची वेळ आली, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर, सगळ्या देशाने टीव्हीवर बघितलं. आमच्या गल्लीत टँकर आठ-आठ दिवसांनी यायचा, रात्री दोन वाजता घागरी लावून बसलेलो, कानात गाणी चालू, आणि हे लागलं. नदीला आई का म्हणतात ते मला त्या रात्री कळलं. चौदा वर्षं पाठ होतं की, काय उपयोग झाला? त्यामुळं पाठांतराची परीक्षा कोणी घेत असेल तर सरळ उठून जा.

आता एक गोष्ट दादाच्या बाजूनेही लिहिते, कारण एवढं वाचून तो तुम्हाला वाईट वाटेल. त्याचं दुःख खोटं नव्हतं. काहींना नवा आवाज सहन होत नाही, त्यांनी ऐकू नये, जबरदस्ती नाही. माझं भांडण ह्याचंच आहे की आपलं दुःख मोठं म्हणून दुसऱ्याच्या प्रेमाला खोटं ठरवायचं, आणि तेही चार माणसांत. तुमच्या मित्राला हे वाचायला द्या.

पुढं काय ऐकू असंही विचारलंत. सगळे 'कंदिसा'पासून सांगतील. मी म्हणते खजूर रोडपासून सुरू करा, असीमचा आवाज चांगला कानात बसू द्या, मग मागं जा. दादाला मी दर 25 डिसेंबरला त्यातलं एक गाणं पाठवते. दोन निळ्या टिका येतात, उत्तर येत नाही.