ग्लायडर नाक वर करून पडतंय?

पोरांना खेळण्यातली विमानं उडवायला शिकवायचं पहिलंच उन्हाळी शिबिर ना तुझं? मग साताऱ्यात मे महिन्यात विमानं सकाळीच उडव. दुपारी वारा सुटला की थर्माकोलचं ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, थेट शेजारच्या कौलावर. पोरांना फेकायची घाई असते, पण आधी तोल बघायला लाव. पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव ते एक तृतीयांश रुंदीवर खालून दोन बोटं टेकवली, की विमान आडवं राहिलं पाहिजे. नाक उचलून धपकन पडतंय? नाकाला चिमूटभर क्ले. सूर मारतंय? थोडी काढ. हे तू सांगू नकोस, त्यांनाच सापडू दे.

पाण्याच्या रॉकेटला कोल्ड्रिंकचीच बाटली घे, साधी बाटली दाब सोसत नाही. पाणी एक तृतीयांश. माझं पहिलं रॉकेट बूच सैल राहिल्यानं माझ्याच अंगावर फवारलं होतं! बाटलीत हवा भरायचा पंप मात्र स्वतःच्या हातात ठेव.