वर्षभर गिटारवर कॉर्ड वाजवतोय, स्केलचे पॅटर्नही पाठ आहेत, पण मेजर स्केल म्हणजे काय ते कळत नाही. सुरुवात कुठून करू?

बोटं बरोबर पडतात पण आपण काय वाजवतोय ते कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझंही दोन वर्षं हेच होतं. पॅटर्न तोंडपाठ, पण मधेच कुणी थांबवून ‘हा कुठला स्वर?’ असं विचारलं की मला सांगता यायचं नाही. एकाच तारेवर वाजवायला लागलो तेव्हा ते सुटलं. तुम्हीही पॅटर्न महिनाभर बाजूला ठेवा.

दुसरी तार घ्या, म्हणजे बी. तिच्या पहिल्या फ्रेटवर (गिटारच्या दांडीवरच्या पहिल्या घरात) सी आहे. तिथून १, ३, ५, ६, ८, १०, १२, १३ हे फ्रेट सावकाश वाजवा आणि सोबत सा रे ग म प ध नी सा म्हणा. झाला सी मेजर. आता उड्या मोजा : दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक. सुरुवात कुठल्याही स्वरापासून करा, मेजर स्केलचं माप हेच.

हेच माप सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटपासून, म्हणजे जीपासून लावून बघा. बाराव्या फ्रेटवर ई येतो. पुढची उडी दोनाची, आणि एफ तर एकाच फ्रेटच्या अंतरावर आहे. म्हणून बोट चौदाव्यावर जातं, एफ शार्पवर, म्हणजे एफच्या एक फ्रेट पुढे. जी मेजरमध्ये एक शार्प का, हे मग पाठ करावं लागत नाही.

मला सगळ्यात जास्त आनंद कॉर्डचं कोडं सुटलं तेव्हा झाला. परत दुसऱ्या तारेवर या. कॉर्ड बनते ती स्केलमधला एक स्वर घेऊन, एक सोडून, पुढचा घेऊन : सी, ई, जी. सी ते ई किती फ्रेट? १ ते ५, म्हणजे चार. चार असले की मेजर, म्हणून सी मेजर. आता डी, एफ, ए. डी ते एफ, ३ ते ६, तीनच फ्रेट. तीन असले की मायनर, म्हणून डी मायनर. असंच मोजत गेलात की सी, एफ, जी मेजर निघतात आणि डी, ई, ए मायनर. इतके दिवस ज्या कॉर्ड एकत्र वाजवत होतात, त्या एकमेकींना का शोभतात ते तुमच्याच बोटांखाली दिसेल. (बीपासून निघणारी डिमिनिश्ड कॉर्ड सध्या सोडून द्या.)

नंतर पॅटर्नकडे वळाल तेव्हा दुसऱ्या तारेवर आकार एक फ्रेट पुढे का सरकतो, असा प्रश्न पडेल. ट्यूनिंग आठवा : बाकी तारा पाचव्या फ्रेटवर दाबून पुढच्या तारेशी जुळवतो, फक्त तिसरी चौथ्यावर. तो एक फ्रेट तिथे भरून काढावा लागतो.

रोज दहा मिनिटं पुरेत, पण स्वराचं नाव मोठ्याने घेत वाजवा.