तेलविहिरीतले दाट ब्राइन

प्रश्न : तेलविहिरीच्या दुरुस्तीच्या वेळी आत भरायच्या मिठाच्या द्रावणात सेल्युलोजची पूड घालून ते दाट करतात, असे वाचनात आले. याची गरज काय? आणि ही पूड पाण्यात पडताच तिच्या गुठळ्या का होतात? – एक वाचक, उरण

उत्तर : भूस्तरातील तेल-वायूचा दाब रोखून धरते ते द्रावणाचे वजन, त्याचा दाटपणा नव्हे, त्यासाठी पाण्यात पोटॅशियम क्लोराइड, कॅल्शियम क्लोराइड किंवा कॅल्शियम ब्रोमाइड विरघळवतात. मात्र असे पातळ ब्राइन (म्हणजे हे मिठाचे द्रावण) सच्छिद्र खडकात भराभर मुरते आणि वर येताना वाळू व कचरा सोबत आणू शकत नाही, म्हणून दाटपणा लागतो.

विहीर खोदताना आत सोडायच्या चिखलात वापरले जाणारे कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज येथे बहुधा चालत नाही, कारण त्याच्या रेणूंवर ऋण भार असतो आणि कॅल्शियमचे प्रमाण जास्त असले की ते साक्यासारखे खाली बसते. हायड्रॉक्सिइथाइल सेल्युलोजवर असा भार नसल्याने ते टिकते. गवारीच्या डिंकानेही दाटपणा येतो, पण तो डिंक तुटल्यावर न विरघळणारा अंश खडकाच्या छिद्रांत मागे राहतो. या सेल्युलोजचा तसा अंश जवळजवळ उरत नाही, आणि माझ्या मते त्याचा खरा गुण हाच आहे.

गुठळ्यांचे कारण पिठले करणाऱ्यांना ठाऊक असते : कणांच्या पुंजक्याचा बाहेरचा थर आधी भिजून चिकट होतो आणि आतली पूड कोरडीच अडकते. त्यामुळे बाजारात मिळणाऱ्या पुडीच्या अनेक प्रकारांत कणांवर अशी प्रक्रिया केलेली असते की आम्लधर्मी पाण्यात ते लवकर फुगत नाहीत. पाण्याचा सामू 7 च्या खाली ठेवून, सतत ढवळत पूड हळूहळू भुरभुरवावी. सगळे कण सुटे झाले की थोडा अल्कली घालून सामू 8 ते 9 पर्यंत न्यावा, म्हणजे दाटपणा चढू लागतो. एवढे करूनही द्रावण गाळून घेण्यात कुचराई करू नये, कारण अर्धवट भिजलेल्या गुठळ्या ज्या छिद्रांतून तेल यायचे तीच बुजवतात.

काम संपल्यावर हा दाटपणा आम्ल, ऑक्सिडीकारक किंवा विकर यांपैकी एकाने मोडतात. 1974 मध्ये सापडलेल्या मुंबई हायसारख्या चुनखडीच्या साठ्यात आम्ल खडकालाही खाते, त्यामुळे त्याची मात्रा ठरवताना खडकात खर्ची पडणारे आम्लही धरावे लागते. आणखी एक मर्यादा म्हणजे हे द्रावण स्थिर असताना थिजून वाळूला धरून ठेवत नाही. पंप बराच वेळ बंद राहणार असेल, तर त्याऐवजी झँथन डिंक निवडणे शहाणपणाचे.