विषम ताल की विषमपदी?

एका वाचकाने विचारलं आहे: "नॉर्वेच्या 'फार्मर्स मार्केट' या बँडवर लेख लिहितो आहे. बाल्कन आणि स्कँडिनेव्हियन लोकसंगीत, त्यात अवाँ-गार्द रॉक, आणि सगळा कारभार खेळकर. 'हा अकूस्टिक बँड विषम तालात वाजवतो' असं मी लिहिलं, तर मित्राने 'विषम ताल'वर बोट ठेवलं. हा शब्द चुकीचा आहे का? 'लंगडा ताल' कसा वाटतो? जमलं तर अकूस्टिक आणि अवाँ-गार्द यांनाही मराठी शब्द सांगा."

मित्राची हरकत मला पटते. 'विषम ताल' म्हटलं की मराठी वाचकाला आधी आठवते ती विषम संख्या. बल्गेरियातल्या नाचांचे ठेके बरेचदा अशाच आकड्यांचे असतात हे खरं: पैदुश्को ५ चा, रचेनित्सा ७ चा, कोपानित्सा ११ चा. पण त्यांची गंमत आकड्यात नाही. ९ मात्रा ३-३-३ अशा वाजवल्या तर आकडा विषम आणि चाल मात्र झोपाळ्यासारखी एकसारखी. उलट ८ मात्रा ३-३-२ अशा तोडल्या की आकडा सम असूनही पाऊल अडतं. आपला झपताल १० चा, म्हणजे सम आकड्याचा, तरी तो २-३-२-३ असा चालतो. धमार १४ चा, आणि त्याचे तुकडे ५-२-३-४. तेव्हा एकूण मात्रांवरून नाव ठेवून भागत नाही, तुकड्यांच्या लांबीवरून ठेवायला हवं.

तसं नाव आपल्याकडे तयार आहे आणि तबला शिकलेल्या कुणालाही ते ठाऊक असतं. ज्या तालाचे सगळे विभाग सारखे तो समपदी: तीनताल, दादरा, केरवा. ज्याचे विभाग कमीजास्त तो विषमपदी: रूपक, झपताल, दीपचंदी, धमार. तुमच्या लेखाला हवा तो शब्द हाच. विषमपदी.

हे दोन शब्द मी परीक्षेसाठी पाठ केले तेव्हा त्यातल्या 'पद'कडे माझं लक्षच गेलं नव्हतं. पद म्हणजे तालाचा विभाग, एवढंच वहीत लिहिलेलं. बाल्कनी ठेक्यांबद्दल वाचायला लागलो तेव्हा 'आक्साक' हा शब्द भेटला आणि मी ती जुनी व्याख्या पुन्हा मनात म्हणून पाहिली. आक्साक हा तुर्की शब्द, अर्थ 'लंगडणारा'. आपण ज्याला तैमूरलंग म्हणतो त्याला तुर्की लोक 'आक्साक तिमुर' म्हणतात. तुर्की संगीतात हे २-२-२-३ अशा ९ च्या एका ठेक्याचं नाव आहे. रुमानियाचे लोकसंगीताचे अभ्यासक कॉन्स्तांतिन ब्रॉइलोइउ यांनी १९५१ मध्ये आखूड-लांब ठोक्यांच्या सगळ्या कुळालाच ते लावलं आणि अभ्यासकांत ते रुळलं. त्याआधी हंगेरियन संगीतकार बेला बार्टोक याला 'बल्गेरियन ताल' म्हणत. 'मिक्रोकॉसमॉस' या पियानोच्या संग्रहातल्या शेवटच्या सहा नृत्यांच्या शीर्षकात त्यांनी तेच नाव वापरलं आहे.

आता विषमपदी शब्द फोडा. पद म्हणजे पाऊल. ज्याची पावलं सारखी पडत नाहीत तो विषमपदी. तुर्कीने ज्याला लंगडणारा म्हटलं त्यालाच आपल्या तालशास्त्राने कमीजास्त पावलांचा म्हटलं. हे जुळून आलेलं पाहून मला फार आनंद झाला होता, आजही होतो.

मग सरळ 'लंगडा' का नको? मराठीत लंगडेपणाला उणिवेचा वास चिकटलेला आहे म्हणून. लंगडी सबब, लंगडं समर्थन: जिथे काही कमी पडतं तिथे आपण हा शब्द वापरतो. माणसाबद्दल तो बोलला गेला तर लागतो. रचेनित्सात काही कमी पडत नाही, उलट ज्याचा तोल पक्का त्यालाच ती नाचता येते. 'लंगडी'च्या खेळातला उत्साह या शब्दात आणता आला असता तर गोष्ट वेगळी, पण 'लंगडा ताल' वाचून कुणाला तो खेळ आठवणार नाही. 'आड ताल' असंही कुणी सुचवेल. तेही नको, कारण आड ही लयकारी आहे, म्हणजे दीडपट लयीत वाजवण्याची रीत, शिवाय आडा चौताल नावाचा १४ मात्रांचा ताल आधीच आहे. उगाच गोंधळ होईल.

आता एक सावधगिरी. ती समजायला एक छोटा प्रयोग करा. 'चल' हा शब्द २ मात्रांचा, 'विमल' ३ मात्रांचा, सगळी अक्षरं ऱ्हस्व. प्रत्येक अक्षर सुटं म्हणा, सारख्या वेगाने, आणि शब्दाच्या पहिल्या अक्षरावर टेबलावर थाप द्या. 'चल चल विमल, चल चल विमल': ही झाली रचेनित्सा. 'चल विमल' म्हणजे पैदुश्को. 'चल चल विमल चल चल' म्हणजे कोपानित्सा. आता रचेनित्साच घ्या. हळू म्हणालात तर सात अक्षरं मोजता येतात. वेग वाढवत न्या. एका टप्प्यावर मोजणं सुटतं आणि हाताला तीनच थापा उरतात: आखूड, आखूड, लांब.

बाल्कनी नाचणारा याच टप्प्यावर असतो. तो सात मोजत नाही, तीन पावलं टाकतो. रूपकाचं तसं नाही. 'ती ती ना, धी ना, धी ना' म्हणताना सातही मात्रा हातावर वेगळ्या कळतात, मात्रा हाच ठोका असतो. शिवाय रूपक ३-२-२, म्हणजे 'विमल चल चल'. लांब तुकडा तिथे आधी येतो, रचेनित्सात शेवटी. म्हणून 'रचेनित्सा म्हणजे बल्गेरियाचा रूपक' असं लिहायचा मोह आवरा. सम, खाली, आवर्तनाचा विस्तार हा आपला पसाराही तिकडे नाही. याच कारणाने मी 'विषमपदी ताल'ऐवजी 'विषमपदी ठेका' लिहीन. 'पायाने ठेका धरला' हे आपण रोज बोलतो, आणि इथे काम पायाचंच आहे.

पायावरून नॉर्वेकडे जाऊ, कारण 'विषम ताल' खरा अपुरा पडतो तो तिथे. नॉर्वेतला स्प्रिंगार हा नाच तीन ठोक्यांचा. तीनच असतील तर दादऱ्यासारखं सरळ असेल असं वाटतं, आणि काही भागांत असतंही. पण तेलेमार्कच्या स्प्रिंगारात पहिला ठोका लांब, दुसरा मध्यम, तिसरा आखूड असतो. वाल्द्रेसमध्ये आखूड, लांब, मध्यम. ही कमीजास्त लांबी २ आणि ३ च्या मापात बसत नाही. 'चल' आणि 'विमल' घेऊन बसलात तरी हा नाच हाती लागणार नाही. वाजवणारा बसल्या जागी जमिनीवर पाय आपटत असतो आणि ठेका त्या पायाकडून शिकायचा असतो. त्याच्या हातातल्या हार्डांगर फिडलला, म्हणजे नॉर्वेच्या लोकसंगीतातल्या व्हायोलिनला, मुख्य तारांखाली चार-पाच तारा आणखी असतात, त्या गज न लागता आपोआप घुमतात. यांना मराठीत 'सहकंपन तारा' असं काही लिहू नका. सारंगीवाल्यांचा 'तरफा' हा शब्द नेमका त्यासाठीच आहे.

म्हणजे बल्गेरियाची पावलं मोजून वेगवेगळी, तेलेमार्कची न मोजता वेगवेगळी. दोन्हीकडे संख्येवरून काही सांगता येत नाही, पावलांवरून येतं. 'विषमपदी' दोन्ही सामावून घेतो. दोन टोकांच्या लोकसंगीतात वावरणाऱ्या बँडबद्दल लिहिताना याहून सोयीचा शब्द मला दिसत नाही.

आता बँडबद्दलच्या बाकीच्या शब्दांकडे. १९९१ मध्ये ट्रोंडहाइमला जाझ शिकणाऱ्या मुलांनी तो सुरू केला. स्टियान कार्स्टेन्सेन अकॉर्डियन वाजवतो, आणि बँजो, कावाल ही बाल्कनी बासरी, पेडल स्टील गिटारसुद्धा. सॅक्सोफोनवर त्रिफोन त्रिफोनोव्ह हा बल्गेरियन वादक आला. नाव 'आठवडी बाजार' असं मराठीत छान बसतं, पण विशेषनाम आहे, तसंच ठेवा.

'अकूस्टिक' मात्र तपासून घ्या. पेडल स्टील विजेवर चालते, इलेक्ट्रिक गिटारही त्यांच्याकडे आहे. शब्द वापरायचाच तर अकूस्टिकच ठेवा. 'ध्वनिक' पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातला आहे, गिटार घेऊन बसलेला कुणी तो म्हणत नाही. पण तुमच्या वाक्यातून मी तो काढूनच टाकेन.

'अवाँ-गार्द' हा मूळचा फ्रेंच लष्करी शब्द, सैन्याची पुढची तुकडी. मराठ्यांच्या फौजेत तिला बिनी म्हणत. शब्दशः भाषांतर त्यामुळे 'बिनीचा रॉक' होईल. मराठी म्हणून देखणं आहे, पण 'बिनीचा' आता पहिल्या रांगेतल्या मातब्बराला म्हणतात, वाट मोडणाऱ्याला नाही. 'प्रयोगशील' पुरेसा आहे. त्याला आधार हवा असेल तर ड्रम वाजवणारा यार्ले वेस्पेस्टाड पाहा: तो बरीच वर्षं 'सुपरसायलेंट' या पूर्णपणे उत्स्फूर्त वाजवणाऱ्या गटातही होता.

'खेळकर' शब्द अगदी योग्य, फक्त त्याला पुरावा जोडा. पुरावा त्यांच्या आल्बमच्या नावांतच आहे. १९९७ च्या आल्बमचं नाव 'मुसिक्क फ्रा हिब्रिदेने'. नॉर्वेजियनमध्ये 'हेब्रिदेने' म्हणजे स्कॉटलंडजवळची हेब्रिडीज बेटं. एक स्वर बदलला आणि ते झालं 'संकरांच्या बेटांवरचं संगीत'. याला श्लेष म्हणू नका. श्लेषात एकाच शब्दाचे दोन अर्थ निघतात, इथे अक्षर बदललं आहे. ही कोटी. मराठीत तिचं भाषांतर होणार नाही, तिच्यासारखी दुसरी करावी लागेल. त्यांच्या 'स्पीड/बाल्कन/बूगी' या १९९५ च्या आल्बमसाठी मला 'धावगीतं' सुचलं होतं, भावगीतातला एकच वर्ण बदलून. हवं तर घ्या.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: "बल्गेरियाच्या आणि नॉर्वेच्या विषमपदी ठेक्यांवर पोसलेला हा खेळकर, प्रयोगशील बँड इतक्या वेगाने वाजवतो की मात्रा मोजणं सुटतं आणि पाय आपोआप आखूड-लांब पडू लागतात."