जुन्या पद्मिनी गाडीला पिकअप नाही, चढावर गरम होते. टायमिंगचा (ठिणगी पडण्याच्या वेळेचा) दोष की इंजिनचा?

गॅरेजवाल्याने तुम्हाला इंजिन उतरवायला सांगितलंय, हे वाचून राहवलं नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, न मोजता जो इंजिन उतरवा म्हणतो, त्याच्या हाती गाडीची चावी देऊ नका.

आमच्या बाबांची पद्मिनी टॅक्सी होती, लालबागला. एका उन्हाळ्यात पेडर रोडच्या चढावर तिचा दम निघायला लागला. सेकंडशिवाय चढेना, रेडिएटर उकळायचा. गॅरेजमध्ये निदान झालं, पिस्टनच्या रिंगा झिजल्या. मामा आमचे जुने मेकॅनिक. त्यांनी डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटून देणारा भाग, फिरवून कानाने टायमिंग लावलं, आयडलिंग सुरेख झालं. तरी गाडी ओढेना, तेव्हा तेही म्हणाले, "दाजी, बोअर करून घ्या." म्हणजे इंजिन उघडून सिलिंडर घासून घ्या.

बाबांनी टायमिंग लाइट मागून आणला, ठिणगीबरोबर चमकणारा दिवा; त्याच्या उजेडात फिरत्या पुलीवरची खूण स्थिर दिसते. आयडलला पुलीवरची खूण बरोबर जागेवर. रेस वाढवली तरी तिथेच, तसूभर हलेना! वेग वाढला की ठिणगी आधी पडायला हवी, आणि ते काम डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली दोन वजनं करतात. उघडून पाहिलं, तर ती वाळलेल्या ग्रीसमध्ये चिकटून बसलेली. रॉकेलने धुतली, तेलाचे थेंब सोडले. त्याच संध्याकाळी गाडी तोच चढ थर्डमध्ये चढली. इंजिनला कुणी हात लावला नाही.

मामा अजून लग्नाकार्यात सांगतात, टायमिंग कानानेच लागतं. ठिणगी लवकर पडली तर इंजिन टकटकतं, ते कानाला कळतं, मान्य. उशिरा पडणारी ठिणगी टकटक करत नाही. ती नुसती इंजिन तापवते आणि पेट्रोल खाते.

तुम्ही आधी पॉइंट गॅप, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधल्या उघडझाप करणाऱ्या पॉइंटमधली फट, बघा, साधारण ०.४ ते ०.५ मिमी, आणि मगच टायमिंग लावा. पॉइंटची फायबरची टाच झिजली की गॅप कमी होतो आणि टायमिंग मागे पडतं. टायमिंग लावून मग गॅप बदललात तर सगळं पुन्हा हलतं. लाइटमध्ये खूण नाचत असेल तर डिस्ट्रिब्युटरचा बुश (दांडा ज्यात फिरतो ती नळी) झिजलाय का बघा.

हां, चोंदलेल्या रेडिएटरनेही गाडी तापते, तोही तपासा. लाइट धरताना बाही आणि वायर पंख्यापासून लांब ठेवा. आणि कानाने लावून देतो म्हणणारा कोणी भेटलाच, तर रेस वाढवल्यावर खूण कुठे जाते ते त्याला दाखवायला सांगा.