तारा खरखरतात, फ्रेट टोचतात

प्रश्न : वर्षभरापूर्वी मी सॉलिड (एकसंध) स्प्रूस लाकडाचा टॉप, म्हणजे पुढची फळी, असलेली उंची अकूस्टिक गिटार घेतली आणि ती भिंतीवर टांगून ठेवतो. अलीकडे तारा फ्रेटवर (नेकवरच्या, म्हणजे दांड्यावरच्या, धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) खरखरतात आणि नेकच्या कडेवरून हात फिरवला की फ्रेटची टोके टोचतात. वाद्य सदोष निघाले, असे समजावे का?

उत्तर : तशी घाई करू नये, ही दोन्ही लक्षणे बहुधा कोरड्या हवेची आहेत. हवेतला ओलावा घटला की लाकूड आक्रसते, पण धातूचे फ्रेट आहेत तेवढेच राहतात, म्हणून त्यांची टोके बाहेर डोकावतात. आणि जेमतेम ३ मिलिमीटर जाडीचा टॉप किंचित खाली बसल्यामुळे ब्रिजसह (टॉपवरचा, तारा अडकवलेला लाकडी तुकडा) तारा फ्रेटच्या जवळ येतात. प्लायवुडच्या गिटारीला हा त्रास कमी होतो, मात्र सॉलिड लाकडाचा नाद हवा असेल तर त्याचे नखरेही सोसावे लागतात. खात्रीसाठी ब्रिजच्या मागे टॉपवर एक सरळ पट्टी आडवी ठेवून पाहावी. निरोगी टॉप मध्यभागी थोडा फुगीर असल्याने फट पट्टीच्या दोन्ही टोकांशी दिसते. ती मध्यभागी दिसली, तर टॉप बसला आहे.

गिटार भिंतीवरून उतरवून केसमध्ये ह्युमिडिफायर (हवेत ओलावा सोडणारे साधन) आणि आर्द्रतामापकासह ठेवावी, व आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान राखावी. काही आठवड्यांत टॉप सहसा पूर्ववत होतो. तोपर्यंत फ्रेटवर कानस चालवू नये आणि सॅडलही (ब्रिजवर तारा ज्यावर टेकतात तो तुकडा) बदलू नये, कारण लाकूड पुन्हा फुगल्यावर तारा नको तितक्या उंच जातील.