एअरबॅगचा कोड पुसला, दोष मात्र तसाच

प्रश्न : आम्ही सावद्याचे. गेल्या वर्षी आखाजीला वडिलांच्या नावावर जळगावच्या डीलरकडून इलेक्ट्रिक गाडी घेतली, १५ लाख ६० हजारांना. पाचव्या महिन्यापासून एअरबॅगचा दिवा मधूनच पेटतो आणि तसाच राहतो. शेजारची सीट रिकामी असली तरी सीटबेल्टचा आवाज सुरू होतो. चार वेळा वर्कशॉपला नेली. दर वेळी ‘कोड क्लिअर केला, गाडी ओके’ असं सांगून परत देतात आणि आठ-दहा दिवसांत दिवा पुन्हा येतो. वळण घेताना कधीकधी हॉर्नही वाजत नाही. आता ते म्हणतात, सीट कव्हर आणि बाहेरून बसवलेला हॉर्न यांमुळे वॉरंटी बाद झाली. गाडी बदलून मिळेल का? तोवर चालवावी का?

उत्तर : तुमची बाजू चांगली आहे, पण आज हातात असलेल्या कागदांवर ती सिद्ध होणार नाही. चारही जॉब कार्डांवर (वर्कशॉपने गाडी घेताना दिलेल्या नोंदीच्या कागदांवर) ‘चेक केले, ओके’ एवढंच लिहिलेलं असेल, तर ग्राहक आयोगापुढे डीलरचा वकील तेच कागद दाखवून म्हणेल की गाडी चार वेळा आली आणि चारही वेळा ठीक निघाली. म्हणून आधी पुरावा, मग नोटीस.

गाडीचं बटण दाबल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटतो आणि विझतो, ती यंत्रणेची स्वतःची तपासणी असते. तो विझला नाही किंवा चालताना पेटला, की एअरबॅगच्या कंट्रोल युनिटने कुठेतरी दोष पकडून त्याचा कोड साठवलेला असतो. कोणत्या सर्किटमध्ये दोष आहे, तो या क्षणी चालू आहे की जुना साठलेला आहे, हे कोड सांगतो. वर्कशॉपने तो पुसला की दिवा विझतो, बिघाड तिथेच राहतो. तुमच्या चार फेऱ्यांमध्ये बहुधा एवढंच झालं आहे, आणि सगळ्यात मोलाचा पुरावाही त्यातच गेला.

पुढच्या वेळी गाडी आत देण्यापूर्वी जॉब कार्डावर तुमच्या शब्दांत लिहून घ्या : ‘कोड पुसण्याआधी एअरबॅग युनिटचा पूर्ण स्कॅन रिपोर्ट छापून द्यावा. दुरुस्तीनंतरचा दुसरा रिपोर्टही द्यावा.’ रिपोर्टवर चेसिस नंबर, किलोमीटर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. सल्लागार लिहायला तयार नसेल तर वर्कशॉपच्या ईमेलवर तिथे उभ्या उभ्याच तोच मजकूर पाठवा. बाजारात हजार-दीड हजाराला मिळणारा स्कॅनर यासाठी घेऊ नका. असे बरेच स्कॅनर एअरबॅग युनिटपर्यंत पोहोचतच नाहीत, आणि त्याने चुकून कोड पुसला तर दोष तुमच्यावर येईल.

आता हॉर्नकडे या, कारण तुमच्या प्रकरणाची किल्ली मला तिथे दिसते. स्टीअरिंगखाली गुंडाळलेली चपटी केबल असते, मेकॅनिक तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. ड्रायव्हरच्या एअरबॅगची जोडणी, हॉर्नचं बटण आणि स्टीअरिंगवरची आवाज कमी-जास्त करायची बटणं या साऱ्यांच्या तारा तिच्यातून जातात. ती आतून तुटत आली की चाक एका विशिष्ट कोनात वळल्यावरच संपर्क सुटतो. म्हणून एक गोष्ट करा : गाडी मोकळ्या जागेत उभी करून चाक पूर्ण डावीकडून पूर्ण उजवीकडे सावकाश फिरवा आणि हॉर्न व आवाजाची बटणं दाबत राहा. त्याच कोनात दोन्ही बंद पडत असतील, तर समोर जाळीत बसवलेल्या नव्या हॉर्नवर खापर फोडणं टिकणार नाही, कारण आवाजाच्या बटणांचा त्या हॉर्नशी काही संबंध नाही. फक्त हॉर्नच बंद पडत असेल, तर मात्र त्याची वायरिंग आधी तपासून घ्या आणि त्याचं बिल जपा.

रिकाम्या सीटच्या आवाजाचं कारण बहुधा वेगळं आहे. सीटखालचा वजन ओळखणारा सेन्सर, बक्कलच्या आतला स्विच किंवा सीट मागे-पुढे सरकवताना ताणली जाणारी पिवळी जोडणी, यांपैकी एक. सीटवर काही ठेवलेलं नाही हे दाखवत व्हिडिओ काढा. बक्कलमध्ये धूळ, वेफर्सचा चुरा किंवा केळीचा चीक बसला असेल तर तो आधी साफ करून घ्या, नाहीतर पहिला बचाव तोच येईल. पिवळ्या कनेक्टरना मात्र स्वतः हात लावू नका आणि कुणा वायरमनला मल्टिमीटरही लावू देऊ नका. तिथे एअरबॅग फुटू शकते.

दोन्ही तक्रारी एकदम सुरू झाल्या असतील तर बारा व्होल्टची छोटी बॅटरीही तपासायला सांगा. इलेक्ट्रिक गाडीतही ही बॅटरी असते, मोठ्या बॅटरीवरून चार्ज होते, आणि तिचा दाब घसरला की एकाच वेळी अनेक युनिट दोष दाखवतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती लवकर थकते. ती तपासली गेल्याची नोंद कागदावर आली, की कंपनीकडे ‘बॅटरी कमजोर असेल’ ही पळवाट उरत नाही.

वॉरंटी बाद झाल्याचं तोंडी ऐकून घेऊ नका. कोणत्या कलमाखाली, कोणत्या भागामुळे आणि कव्हर किंवा हॉर्नने नेमका कोणता दोष निर्माण झाला, हे लेखी मागा. सीट कव्हर त्याच डीलरच्या अॅक्सेसरी काउंटरवर बसवलं असेल, तर ते बिल तुमचं सगळ्यात बोलकं कागदपत्र आहे. बाहेरून बसवलं असेल आणि ते बाजूच्या एअरबॅगची शिवण झाकत असेल, तर तेवढ्यापुरता त्यांचा मुद्दा खरा आहे. ते काढून टाका, फोटो ठेवा.

चालवण्याबद्दल : दिवा पेटलेला असताना घरच्यांना घेऊन जळगावच्या हायवेवर जाऊ नका. अपघातात एअरबॅग उघडण्याची खात्री नाही, आणि बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये टक्कर होताच मोठ्या बॅटरीचा प्रवाह तोडण्याचा इशाराही याच युनिटकडून जातो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार धोकादायक दोष माहीत असताना गाडी चालवणं हा गुन्हा आहे. दोष धोकादायक आहे असं नोटिशीत तुम्हीच लिहिणार, म्हणून त्याच नोटिशीत दुरुस्तीपर्यंत पर्यायी गाडी मागा. आवाज बंद करण्यासाठी बक्कलमध्ये नकली क्लिप कधीच घालू नका. अशा क्लिपच्या विक्रीवर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन कंपन्यांविरुद्ध आदेश दिले आहेत, आणि गाडीत ती सापडली तर तुमची तक्रारच कमजोर होते.

गाडी बदलून मिळण्याबद्दल स्पष्ट सांगतो : ते सहज मिळत नाही. २००६ मध्ये मारुतीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटी भाग दुरुस्त करण्या-बदलण्यापुरती असल्याचं धरून पूर्ण गाडी बदलण्याचा आदेश टिकू दिला नव्हता. दुसरीकडे २०२२ मध्ये अपघातात एअरबॅग न उघडल्याच्या क्रेटा गाडीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरलं, आणि ग्राहक म्हणजे टकरीचा वेग व बल मोजणारा भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नव्हे, असं म्हटलं. तुमची मागणी या दोहोंच्या मधली ठेवा. पहिली मागणी, दोषी भाग नवा बसवून त्यावर लेखी वाढीव वॉरंटी आणि नुकसानभरपाई. ते ठरावीक मुदतीत झालं नाही तर पर्यायी मागणी, गाडी बदलून द्यावी किंवा किंमत परत करावी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३९ खाली आयोग हे सगळे आदेश देऊ शकतो.

नोटीस डीलर आणि उत्पादक कंपनी दोघांनाही, स्पीड पोस्टने, १५ दिवसांची मुदत देऊन पाठवा. गाडीच्या अॅपमधून कंपनीच्या सर्व्हरवर गेलेल्या दोषांच्या नोंदी जपून ठेवाव्यात, असं त्यात आवर्जून लिहा. पुढे आयोगाकडून त्या हजर करण्याचा आदेश मागता येतो. त्याआधी चेसिस नंबर टाकून कंपनीच्या संकेतस्थळावर रिकॉल, म्हणजे दोषी भागासाठी कंपनीने गाड्या परत बोलावल्याची सूचना, आहे का बघा. असेल तर भाग फुकट बदलून मिळतो आणि बराचसा वाद तिथेच संपतो.

तक्रार जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगातच करता येईल. तुम्ही राहता तो जिल्हा चालतो, कंपनी कुठलीही असो. ५० लाखांपर्यंतच्या किमतीला हाच आयोग, आणि १० ते २० लाखांच्या टप्प्यात फी ४०० रुपये. गाडी वडिलांच्या नावावर आहे, म्हणून तक्रारदार वडील. त्यांच्या संमतीने गाडी वापरणारे तुम्हीही कायद्याने ग्राहक आहात, तेव्हा दोघांची नावं घाला आणि दोघांची शपथपत्रं द्या. तक्रारीसोबतच तज्ज्ञ तपासणीचा अर्ज जोडा आणि शासकीय तंत्रनिकेतन किंवा शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातला वाहन तज्ज्ञ नेमण्याची विनंती करा. तो कंपनीच्याच स्कॅनरवर, दोन्ही पक्षांसमोर कोड वाचेल. हा अर्ज उशिरा केला तर मधल्या काळात कुणीतरी कोड पुसतो आणि तपासायला काही राहत नाही. व्हिडिओंसाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं, प्रमाणपत्र तयार ठेवा, आणि मूळ फाइल ज्या फोनमध्ये आहे तो फोन विकू नका.

तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची आहे. ती पहिल्या जॉब कार्डाच्या तारखेपासून मोजा, शेवटच्या नव्हे. डीलरशी चाललेल्या पत्रव्यवहाराने ती वाढत नाही. ते पहिलं जॉब कार्ड सापडत नसेल तर त्याची प्रत आजच ईमेलने मागून घ्या.